खांडीतलं पाणी

मी समुद्राच्या प्रवाहांचा अभ्यास करते असं सांगितलं की आमच्या वऱ्हाडात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काहून? इकडं काई धंदा नोता का?" अमरावतीला भौतिकशास्त्र शिकून मी किनाऱ्याकडे गेले आणि तिकडचीच झाले. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात लाटा कुठे फुटतात, काठावर फेकलेलं पाणी परत कुठून जातं, हे शोधणं माझं काम. घरी त्याला 'लाटा मोजणं' म्हणतात. एका दिवाळीत फराळ करताना मी काकाला सांगायला गेले, समुद्रावर गेलात तर जिथं पाणी शांत दिसतं तिथं उतरू नका. त्याने चकली मोडली आणि म्हणाला, "पानी म्हंजे पानी. मले नको शिकवू." सगळे हसले. मीही हसले असेन.

काका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. तोंडावर मी त्याला 'तुमी' म्हणते. इथं म्हणायची इच्छा नाही. वडील लवकर गेले आणि हिवरखेडचं शेत व आम्ही दोघं भावंडं त्याच्या हाताखाली आलो. त्याने अर्ध्या गावाला विहिरीत पोहायला शिकवलं. लेकराच्या पाठीला रिकामा डबा बांधायचा, पाण्यात ढकलायचं आणि स्वतः पायऱ्यांवर उभं राहून ओरडायचं, "इकडं तिकडं पाहू नको, सरळ माह्याकडं ये!" विहिरीत ते बरोबरच आहे. विहिरीचं पाणी कुठे जात नाही आणि काठ कोणत्याही बाजूला जवळच असतो. दादा, माझा थोरला भाऊ, हा त्याचा सगळ्यात तयार चेला. काकाने हाक मारली की दादा दुसरीकडे बघतसुद्धा नसे, पाण्यात असो की पाण्याबाहेर.

गेल्या हिवाळ्यात दादा समुद्रात बुडाला.

अकोल्यात त्याचं पंप दुरुस्तीचं दुकान होतं. वहिनीने कधी समुद्र पाहिला नव्हता म्हणून त्याने गाडी केली, काकालाही बरोबर घेतलं आणि सगळे कोकणात गेले. मी तेव्हा कामासाठी दुसऱ्याच किनाऱ्यावर होते. काय झालं ते मला नंतर वहिनीकडून कळलं, आणि गाडीवाल्याने मौजेखातर मोबाइलवर काढायला घेतलेल्या एका व्हिडिओतून.

दादाला घरी आणलं त्याच दिवशी काका म्हणाला, "पोहनारा मानूस बुडत नसते. पेऊन असन." बस्स, एवढं पुरलं. दादा होळीला किंवा कुणाच्या वरातीत घोटभर घेत असे, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या सकाळी त्याच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं, हे वहिनी सांगून सांगून थकली. पण नातेवाइकांनी गोष्ट पुढे नेली. हिलाच समुद्राची हौस होती. हिनंच पिलेल्या नवऱ्याला पाण्यात जाऊ दिलं. हिवरखेडच्या घरात तिला मागची खोली दिली गेली. ती पुढे आली की बायकांचं बोलणं थांबायचं आणि ती आत गेली की सुरू व्हायचं. मला एकेकीच्या झिंज्या धरून ओढावंसं वाटत होतं.

तो व्हिडिओ मी दार लावून पाहिला. डावीकडे पांढऱ्या लाटा फुटताहेत, उजवीकडेही फुटताहेत आणि मधे एक गढूळ, सपाट पट्टा आहे. आमच्या लोकांनी कपडे आणि चपला नेमक्या त्या पट्ट्यासमोर ठेवल्या होत्या. दादा कमरेभर पाण्यात होता, मग एकदम लांब दिसला. मग तो वळला आणि पोहायला लागला. काय सुंदर हात मारत होता! सरळ काठाकडे तोंड, आणि तरीही जागच्या जागी. त्यावर काकाचा आवाज, मोबाइलच्या अगदी जवळून, "सरळ ये! माह्याकडं ये!"

मला पहिल्याच वेळी सगळं कळलं. दादावरचा दारूचा आळ पुसायचा तर तो का दमला हे सांगावं लागेल, आणि ते सांगायचं तर तो आवाज कुणाचा हेही सगळ्यांच्या ध्यानात येणार. मी कचरले वगैरे, असं म्हणणार नाही. माझ्या अंगात राग मावत नव्हता.

तेरवीच्या आदल्या दिवशी काका अंगणात खाटेवर बसून शेजारी बसलेल्या नातेवाइकांना पुन्हा तेच, दादा पेऊन होता असं, सांगत होता. मी जाऊन समोर उभी राहिले आणि शेताच्या बांधाचं, आमच्याकडच्या धुऱ्याचं, विचारलं.

"काका, वावरात पानी तुडुंब भरलं अन् धुऱ्याले एका जागी खांड पडली, तर पानी कुठून निघन?"

"खांडीतून. हे काय इचारनं झालं?"

"समुद्रात काठापासून जरा दूर वाळूचा असाच धुरा असते, पान्याखाली. लाटा त्याच्यावर फुटतात अन् पानी अलीकडं टाकतात. ते पानी खांडीतूनच परत जाते, सगळं एका धारेत. खांडीवर लाट फुटत नाही म्हनून तिथं शांत दिसते. तुमी त्याले तिथंच उतरवलं."

मी लगेच पुढचं विचारलं.

"खांडीच्या धारेत उलटं कोनाले येता येते का?"

जन्मभर पावसात धुऱ्याच्या खांडी बुजवलेला माणूस. विचार करायच्या आत बोलून गेला, "बैल नाही टिकत तथी."

"मंग मानूस?"

खाटेवरचे बाकीचे आता माझ्याकडे बघत होते. मी सांगत गेले. ती धार कुणाला खाली ओढत नाही. ती फार रुंदही नसते. काठाकडे यायचं सोडून बाजूला, काठाला धरून पोहलं की माणूस तिच्यातून सुटतो. तेही जमलं नाही तर नुसतं तरंगत राहायचं, बाहेर, लाटांच्या पलीकडे, तिचा जोर ओसरतो. दादा धारेच्या उलट पोहत राहिला आणि दमला. पिलेला माणूस असे हात मारतो का, बघा. मी मोबाइल खाटेवर ठेवला आणि व्हिडिओ लावला. काकाचा आवाज अंगणभर झाला. मला तो कमी करता आला असता.

व्हिडिओ संपल्यावर काकाने माझ्याकडे न बघता विचारलं, "बाजूनं ये म्हनलं असतं तर?"

आमच्या कामात अशा प्रश्नाला एक जपून दिलेलं उत्तर असतं. शक्यता होती, खात्री देता येत नाही, वगैरे. ते मला पाठ आहे.

"तर आला असता," मी म्हणाले.

तो उठला आणि गोठ्याकडे गेला. मग बाकीचे माझ्यावर तुटून पडले. तेरवी तोंडावर आली आणि म्हाताऱ्या माणसाला असं बोलतात का, शिकून शिकून हेच शिकली का, हिला ना मूल ना बाळ म्हणून हिची जीभ अशी. मी त्यांनाही सोडलं नाही. वहिनी दाराआड उभी होती.

दुसऱ्या दिवशी मोर्शीचे आणि चांदूर रेल्वेचे पाहुणे आले. पंगत बसली. काका बुंदीचं पातेलं घेऊन वाढत होता. मोर्शीच्या एका पाहुण्याने भात कालवता कालवता हळहळत म्हटलं, "एवढा पट्टीचा पोहनारा, पन पेल्यावर काय चालते मानसाचं!"

काका थांबला. पातेलं हातातच होतं.

"पेलेला नोता तो," तो म्हणाला. "मी बलावून राह्यलो होतो, अन् तो येऊन राह्यला होता."

पंगतीत कुणी घास घेतला नाही. काकाने त्या पाहुण्याला बुंदी वाढली आणि पुढच्या ताटाकडे वळला. मागच्या खोलीतून वहिनी बाहेर आली आणि बायकांमध्ये बसली. तिला जागा द्या असं कुणाला सांगावं लागलं नाही. तिने मान वर करून काकाकडे पाहिलं, ताट पुढे सरकवलं आणि त्याने वाढलेलं खाल्लं.

वाढत वाढत तो माझ्यापाशी आला. मी ताटावर हात आडवा धरला.