चार मिलिमीटरचा खण

कारखान्यात त्याला सगळे वजनकाटा म्हणायचे. तोंडावर साहेब, पाठीमागे वजनकाटा. मोडलेल्या मणक्यांना आधार देणारे स्क्रू आणि सळया तो डिझाइन करायचा, गेली एकोणीस वर्षं. कुठलीही वस्तू हातात आली की आधी तळहातावर झुलवून तिचं वजन सांगायचा. कुलूप असो, भरलेला डबा असो, नाहीतर शेजाऱ्यांचं तान्हं बाळ. बाळाच्या वेळी शेजारीण रागावली होती, पण आकडा वीस ग्रॅमसुद्धा चुकला नव्हता.

मोजामापीची ही खोड आईकडून आलेली. आई कपडे शिवायची. दुकानातल्या तयार कपड्यांना ती 'अंदाजपंचे दाहोदरसे' म्हणायची आणि नाक मुरडायची. गिऱ्हाइकाला उभं करून ती डाव्या हाताचं माप वेगळं घ्यायची, उजव्याचं वेगळं. "दोन्ही हात सारखे नसतात कुणाचे," म्हणायची, आणि लहानपणी हा शेजारी बसून वहीत आकडे उतरवायचा. आई गेल्यावर तिची टेप त्यानं ऑफिसच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. एकोणीस वर्षांत ती एकदाही बाहेर निघाली नाही. निघणार कशी? त्याची माणसं सगळी संगणकाच्या पडद्यावर होती, आणि सगळी सरासरी मापाची होती.

आता पेटीची गोष्ट. ऑपरेशनला लागणारे स्क्रू आणि हत्यारं खणाखणांत लावून एका स्टीलच्या पेटीतून हॉस्पिटलला जातात. तिथे ती धुतात, वाफेवर निर्जंतुक करतात, आणि काम झालं की उरलेला माल पेटीसकट परत येतो. ही पेटी उचलणाऱ्या सिस्टर लोकांची तक्रार होती की ती फार जड आहे. 'दुसऱ्यांच्या पाठी सरळ करता करता आमच्या वाकल्या,' असं एकीनं लिहून पाठवलं होतं. तक्रार अगदी खरी होती. नियम दहा किलोचा, आणि पेटी भरत होती दहा किलो चारशे ग्रॅम.

वजनकाट्याला ते चारशे ग्रॅम झोंबले. त्यानं तीन वर्षांत परत आलेल्या पेट्यांच्या नोंदी काढल्या. एक खण जवळजवळ नेहमी जसाच्या तसा परत यायचा. त्यात चार मिलिमीटर जाडीचे, सगळ्यात बारीक असे बारा स्क्रू असायचे. शंभरातल्या दोन ऑपरेशनांतच ते लागलेले. त्यांचं डोकं बारीक, म्हणून त्यांचा पेचकससुद्धा वेगळा. खण, झाकण, पेचकस आणि स्क्रू मिळून चारशे तीस ग्रॅम. त्यानं तो खण काढून टाकला.

"आणि ते दोन टक्के?" मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं होतं.

"दोन दिवस आधी कळवलं तर वेगळे पाठवू की," तो म्हणाला होता. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत तसं छापूनही आलं. पेटी नऊ किलो नऊशे सत्तर ग्रॅमवर आली. सिस्टर लोकांनी सह्या करून आभाराचं कार्ड पाठवलं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळ्यांनीच कार्ड पाठवावं, तसला प्रकार. त्यानं ते कौतुकानं टेबलासमोरच्या भिंतीवर लावलं.

वर्षातून दोनदा तो ऑपरेशन बघायला जायचा. त्या दिवशी टेबलावर एक आजी होत्या. हिरव्या कापडाखाली पालथ्या, फक्त पाठीचा एक चौकोन उघडा. खिडकी पुसताना स्टुलावरून पडल्या होत्या आणि मणका चेपला होता. मोडलेल्या मणक्याच्या वरचे दोन आणि खालचे दोन अशा चार मणक्यांत स्क्रू बसवून ते सळयांनी बांधायचं ठरलं होतं. बाहेरच्या माणसानं हत्यारांना हात लावायचा नसतो, म्हणून तो भिंतीशी लेझरचा लाल ठिपका घेऊन उभा होता. सिस्टरनं काही मागितलं की पेटीत त्या जागेवर ठिपका टाकायचा. यात तो पटाईत होता.

तीन मणके बिनबोभाट झाले. सगळ्यात वरच्या मणक्याशी डॉक्टर थांबले आणि एक्स-रेच्या पडद्याकडे बघत राहिले. "साडेचारचा जाड होतोय. हाड फुटेल आणि आत मज्जारज्जू आहे. चारचा द्या."

सिस्टरनं पेटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याचा हात सवयीनं वर गेला आणि ठिपका बरोबर जिथे तो खण असायचा तिथेच पडला. आता तिथे कोरा पत्रा होता.

"चारचा आज आला नाही," तो म्हणाला.

आज! जसा काही काल आला होता आणि उद्या येणार होता. सिस्टरनं सकाळी पेटीतला नग न् नग मोजून घेतला होता. तिथे आता चारच्या स्क्रूला जागाच नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. डॉक्टर मास्कमधून करवादले, "गोदामवाले डोळे मिटून पेटी भरतात का हो?" त्यावर हा शहाणा काय म्हणाला? "बघतो त्यांच्याकडे," म्हणाला. वड्याचं तेल वांग्यावर निघालं. वरचा मणका तसाच सोडावा लागला. बांधणी आखूड झाली, म्हणून आजींना चार महिने कडक पट्टा लागला. पट्ट्याशिवाय उठून बसायचंसुद्धा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

आठवड्याभरात हॉस्पिटलनं लेखी कारण मागितलं. फॉर्मवर 'कारण' असा एक रकाना होता. त्यानं आधी लिहिलं, 'डिझाइनमधून साइज कमी केल्यामुळे.' तो कागद फाडला. नवीन फॉर्म घेतला आणि लिहिलं, 'रुग्णाचे मणके सरासरीपेक्षा लहान असल्यामुळे योग्य स्क्रू बसू शकला नाही.' या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. सही करताना त्याचे कान तापले.

त्यानंतर त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. गोदामातला माणूस समोरून आला की हा रस्ता बदलायचा. जेवताना बायकोनं विचारलं, "बरं नाही का?" तर म्हणाला, "पाठ दुखतेय." मणक्यांवर पोट भरणाऱ्याची पाठ, आणि तीही खोटी दुखणारी. भिंतीवरचं कार्ड बघवेना, म्हणून एक दिवस ते काढून ड्रॉवरमध्ये कोंबायला गेला, तर हाताला आईची टेप लागली. त्यानं ड्रॉवर तसाच बंद केला.

ऑपरेशनला दोन महिने झाले आणि सिस्टरचा फोन आला.

"साहेब, त्या आजी तपासणीला आल्या होत्या. पट्टा काखेत टोचून कातडं सोललंय. पट्टा तुमच्याच कंपनीचा आहे. डॉक्टरांना विचारलंय, घरच्यांनाही विचारलंय. जाऊन नीट बसवून द्या."

"माणूस पाठवतो."

"माणूस नको. तुम्ही जा. मी पेटी मोजून घेते साहेब. रोज."

घर तिसऱ्या मजल्यावर होतं, दोन खोल्यांचं. दार सुनेनं उघडलं. केस कसेबसे गुंडाळलेले, हात साबणानं भरलेले. ती परत आत कपडे धुवायला गेली. आजी खिडकीपाशी ताठ बसल्या होत्या, छातीपाठीवर प्लास्टिकचं जाड कवच.

"या," त्या म्हणाल्या. "कासव बघायला आलात ना?"

त्यानं आजींना आडवं करून पट्टा सोडवला आणि खिशातून आईची टेप काढली. डावी काख, उजवी काख, छाती, कंबर. सगळ्यात लहान मापाचा पट्टा, तरी तो दोन बोटं सैल होता. म्हणून वर सरकायचा आणि टोचायचा. तो पट्ट्याची कड कापायला, आतून फोम लावायला बसला. आजींची टकळी चालूच होती.

"माझंच मेलं शरीर असं. पहिल्यापासून चिमणीएवढी. हॉस्पिटलात त्या मुलीनं कागद वाचून दाखवला ना, मणके सरासरीपेक्षा लहान, म्हणून स्क्रूच बसला नाही. डॉक्टर तरी काय करणार बिचारे?"

"आमच्याकडे सगळंच स्पेशल," सून आतून म्हणाली. "हाडंसुद्धा ऑर्डर देऊन केलेली." ती हसली, पण त्या हसण्यात दमणूकच जास्त होती. चार महिन्यांची रजा काढून ती घरी बसली होती. सासूला उठवणं, पट्टा चढवणं, अंघोळ घालणं, सगळं तिच्यावर.

आजींनी आवाज खाली आणला. "बोलते, पण करते हो सगळं. मला तिच्याकडे पाणी मागायचीसुद्धा लाज वाटते. धड हाडं असती तर एव्हाना हिंडत असते. तिला कामावर जाता आलं असतं."

त्याच्या हातातली कात्री थांबली. लाज त्याची, आणि ती वागवत होती ही बाई, त्यानंच एका ओळीत लिहून दिलेली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तरी, सांगायलाही संकोच वाटतो, त्यानं कात्री पुन्हा चालवली, फोम चिकटवला, पट्टा चढवला, आजींना बसतं केलं, टोचत नाही ना विचारलं, टेप गुंडाळली, बूट घातले आणि अर्धा जिना उतरला.

तिथून तो परत वर आला. दार उघडंच होतं.

"आजी, तुमच्या हाडांत काही खोट नाही. तुमच्या मापाचा स्क्रू असतो. आधी पेटीत असायचा. कंपनीनं काढून टाकला."

"काय?"

"चार मिलिमीटरचा. तो असता तर बहुतेक हा पट्टा इतके दिवस लागला नसता."

आजींनी हाक मारली, "अगं, नळ बंद कर आणि इकडे ये." सून हात पुसत आली. "हं, परत सांगा. हिला ऐकू जाईल असं."

त्यानं परत सांगितलं. पेटी जड होत होती, म्हणून आम्ही तो खण काढला, असं सांगितलं.

"आम्ही म्हणजे किती जण?" आजींनी विचारलं.

तो हातातल्या टेपकडे बघत राहिला. "एक," तो म्हणाला. "मीच. तो कागदही मीच लिहिला."

आता आकांडतांडव होणार म्हणून त्यानं मान खाली घातली. पण सून त्याच्याकडे बघतच नव्हती.

"आई, काल अंघोळीच्या वेळी तुम्ही माझी माफी मागितलीत," ती म्हणाली. "हाडांबद्दल." तिचा आवाज फाटला. "आणि मी हो म्हटलं."

"म्हटलंस खरं," आजी म्हणाल्या, आणि तिचा ओला हात त्यांनी धरून ठेवला.

थोड्या वेळानं सुनेनं विचारलं, "तो स्क्रू आता आहे का पेटीत?"

"अजून नाही."

"दोन महिने झाले."

धरणी दुभंगेल तर बरं असं त्याला झालं. पण तिसऱ्या मजल्यावर तीही सोय नव्हती.

"म्हणजे आता आणखी कुणाची तरी हाडं लहान निघतील," आजी म्हणाल्या. "बसा. माझा मुलगा सहाला येतो. दर तपासणीला डॉक्टरांसमोर हात जोडतो, आमच्या आईमुळे तुम्हाला त्रास झाला म्हणून. त्यालाही सांगा."

"मी लिहून देतो, आजी. सविस्तर लिहून देतो."

"लिहिलेलं वाचलंय आम्ही."

तो बसला. सव्वापाच झाले होते. कुणी चहा विचारला नाही, आणि कुणी वाईटसाईटही बोललं नाही. सुनेनं कपडे पिळून वाळत घातले. आजी नव्या बसवलेल्या पट्ट्यात ताठ मानेनं दाराकडे बघत होत्या. सहाला पाच कमी असताना जिन्यात बूट वाजले, आणि कुणी सांगायच्या आत तो उठून उभा राहिला.