मामांना बसलेली शिवी

आमच्या हिच्या मामांइतका पट्टीचा श्रोता वैतरणेपासून नायगावच्या खाडीपर्यंत दुसरा झाला नाही, असं मी छातीठोकपणे सांगतो. कुणाला शंका असेल तर त्यानं या पट्ट्यातल्या कुठल्याही भजनी बुवाला, बँडवाल्याला किंवा निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराला विचारावं. जिथे चार माणसं खाली बसतात आणि पाचवा उभा राहून काही म्हणतो, तिथे मामा पहिल्या रांगेत असतातच. भजनाची डबलबारी असो, जत्रेतला ऑर्केस्ट्रा असो, चर्चच्या सणाला वाजणारा बँड असो की कुणाच्या दहाव्याचं प्रवचन, मामा त्यांत डावंउजवं करत नाहीत. आमच्या टॉवरमध्ये एकदा लिफ्टच्या दुरुस्तीवरून सोसायटीची सभा भरली होती आणि मामा त्या दिवशी नेमके आमच्याकडे जेवायला आले होते. जेवण बाजूला ठेवून ते खाली जाऊन बसले आणि सेक्रेटरीचं भाषण संपल्यावर त्यांनी एकट्यानं टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी अजून मला जिन्यात अडवून त्यांची चौकशी करतो.

पण ऐकणं हा मामांचा निम्माच उद्योग. कार्यक्रम संपत आला की ते हळूच उठतात, सगळ्यांच्या आधी दाराशी पोचतात आणि चपलांच्या ढिगापाशी उभे राहून बाहेर पडणाऱ्या एकेकाला गाठतात. "कसं वाटलं?" हा त्यांचा प्रश्न. समोरचा "छान" म्हणून सुटू पाहतो, पण मामांच्या हातून अशी सुटका नाही. "छान म्हनजे काय? छान तर वांगंपन असतं. नीट सांग." मग तो बिचारा एका पायात चप्पल घालून तबलजी कुठे घाईला आला ते आठवू लागतो. एका दहाव्याला तर त्यांनी गेलेल्या गृहस्थांच्या मुलालाच गाठलं. तो डोळे पुसत होता. मामांनी विचारल्यावर त्यानं डोळे पुसणं थांबवलं, जरा विचार केला आणि म्हणाला, "लांबलं जरा." मामा म्हणाले, "हां. असं बोलायचं." पुढे त्या मुलाची आणि मामांची चांगली मैत्री झाली.

आता गंमत अशी, की जगाचं मत असं पिळून काढणाऱ्या या माणसानं स्वतःचं मत मात्र जन्मात कुणाला दिलं नव्हतं. "माझं काय घेऊन बसलायस, मी ऐकनारा मानूस," एवढ्यावर ते भागवत. मी पडलो देशावरचा, आडदांड. लग्नानंतर एकदा मी सरळ विचारलं, "मामा, ते राहू द्या, तुम्हाला कसं वाटलं?" त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं आणि हे कुठून घेतले म्हणून विचारलं. घरी सुनेनं बोंबलाचं कालवण केलं तरी ते पंगतीतल्या प्रत्येकाला कसं झालंय ते विचारतात आणि स्वतः मान खाली घालून दुसऱ्यांदा भात घेतात. सून म्हणते, "दुसऱ्यांदा घेतला म्हणजे आवडलं असं मी धरून चालते." आम्हीही सगळे असंच काहीतरी धरून चालत होतो.

अशा माणसावर मत देण्याची पाळी आली ती पलीकडच्या तुळिंज वस्तीतल्या पोरांमुळे. पाच मुलगे आणि एक मुलगी असा त्यांचा रॅप गाणाऱ्यांचा ग्रुप. ग्रुपचं नाव इथे लिहिण्यासारखं नाही. वर्तमानपत्रंसुद्धा ते मधली अक्षरं गाळून छापतात. टँकरचं पाणी, उघडी गटारं, बिल्डर, कॉलेजातले साहेब, कुणालाच त्यांनी सोडलं नव्हतं आणि झोडलं होतं ते शिव्यांसकट. पोरं त्यांच्यावर जीव टाकत आणि पोरांचे बाप तक्रारअर्ज टाकत. त्यापायी ठरलेले दोन कार्यक्रम आयत्या वेळी रद्द झाले होते. कुणी जागा देईना, तेव्हा ही मंडळी मामांच्या गावात, खाडीकाठचं गावकीचं मैदान मागायला आली. गावकीची बैठक बसली. निम्मे म्हणाले, आपल्या आयाबहिणींनी हे ऐकायचं काय? निम्मे म्हणाले, आपलीच पोरं तिकडे लांब जाऊन ऐकतात, त्यापेक्षा डोळ्यांसमोर बरी. शेवटी अध्यक्षांनी तोड काढली. एकदा होऊ दे. मामांनी पुढे बसून ऐकायचं आणि संपल्यावर सांगायचं. ते हो म्हणाले तर मैदान या पोरांना कायमचं उघडं, नाही म्हणाले तर पुन्हा नाव काढायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिथे नाही जमलं तर या गावांत दुसरी जागाच उरत नव्हती, म्हणून ग्रुपचा म्होरक्या, बशीएवढी टोपी घातलेला एक काटकुळा पोरगा, मामांच्या पाया पडून गेला. "आजोबा, आमचं सगळं तुमच्यावर आहे."

मामांचं जेवण सुटलं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांनी हिला फोन केला. ही बँकेत होती, काउंटरवर रांग होती. "बाय, मत कसं देतात गो?" मामांनी विचारलं. ही म्हणाली, "मामा, मनात जे येईल ते बोलायचं." पलीकडून मामांनी आवाज खाली आणला. मग मामा म्हणाले, "समद्यांसमोर?"

दुसऱ्या दिवशी ऊन उतरता उतरता तुळिंजहून रिक्षा भरभरून पोरं आली. कुणाचे केस निळे, कुणाच्या विजारीत दोन माणसं मावतील. मामा धुवट सदरा आणि टोपी घालून पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, एका बाजूला मी, एका बाजूला ही. पहिला ठोका पडला तसा माझ्या छातीतला ठोका चुकला. मामांनी टोपी तेवढी एका हातानं दाबून धरली. स्टेजवरचा पोरगा अर्धी ओळ म्हणायचा आणि उरलेली अर्धी मागचं सगळं मैदान म्हणायचं, एक शब्द न चुकता. मामा मला कोपर मारून म्हणाले, "अरे जावयबापू, बुवा सोडतो नि कोरस उचलतो. हे तर भजनच चाललंय!" भजनात अशा शिव्या मी तरी ऐकल्या नव्हत्या. ही मांडीकडे बघत होती आणि मी खाडीकडे. मामा मात्र कानामागे हात धरून एकेक शिवी टिपून घेत होते.

मग टोपीवाल्या म्होरक्यानं नवं गाणं काढलं. बापाची शेती विकून काळी गाडी आणणाऱ्या शेठवर ते होतं. शेठला गाडीचं दार उघडत नाही, शेठ आत बसून हॉर्न वाजवतोय, अशी त्यात वर्णनं होती आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला एकेक शिवी. आता झालं असं, की मामांनी रस्त्याकडचं शेत विकलं होतं. आमचा टॉवर त्यावरच उभा आहे. त्यातून त्यांनी काळी गाडी घेतली होती. आणि वसईच्या बाजारात ते त्या गाडीत अडकून हॉर्न वाजवत बसल्याचं गावातलं शेंबडं पोर सांगेल. तुळिंजच्या पोरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी आपली मनानं रचलेली गोष्ट गायली होती. पण गावातल्या यच्चयावत माना मामांकडे वळल्या. अध्यक्ष उठून उभे राहिले. टोपीवाल्याच्याही लक्षात आलं, काहीतरी चुकलंय, आणि त्याचा आवाज पडला.

मामा उठले. शांतपणे लाकडी पायऱ्या चढून स्टेजवर गेले. आता हे वायर ओढणार अशी माझी खात्री झाली. मामांनी सदऱ्याच्या खिशातून पानाचा विडा काढला आणि दोन्ही हातांनी त्या पोरापुढे धरला.

"अगं बाई," ही माझ्या कानाशी पुटपुटली, "मामांना शिवी बसली!" मग तिनं मला समजावलं. त्यांच्या गावात हळदीच्या रात्री बायका व्याह्यांकडच्या पुरुषांना नावं घेऊन गाण्यातून शिव्या घालायच्या. त्याचं नाक, त्याची चाल, त्याची म्हैस, काही सोडायच्या नाहीत. ज्याला शिवी वर्मी बसली त्यानं उठून गाणारीच्या हातात विडा द्यायचा. तो चिडला तर हरला आणि वर्षभर गावात त्याचं हसं. ती गाणी केव्हाच बंद पडली. आता हळदीला डीजे असतो. मामांच्या खिशातला विडा मात्र तसाच राहिला होता.

टोपीवाल्याला यातलं काय माहीत? म्हाताऱ्यानं दिलंय तर नाही कसं म्हणायचं, म्हणून त्यानं तो अख्खा विडा तोंडात कोंबला आणि पुढचं कडवं सुरू केलं. जन्मात पान न खाल्लेलं पोर ते. शिव्यांचा सगळा लगदा झाला आणि पांढऱ्या बनियनवर लाल ओघळ उतरला. मैदान नुसतं फुटलं. "भाई पान खाके गा रहा है!" म्हणत पोरं एकमेकांच्या खांद्यांवर चढली. शेवटी ग्रुपमधल्या मुलीनं माइक ओढून गाणं सावरलं. तो ठरवून बसवलेला प्रकार होता, असं निम्मे चाहते अजून शपथेवर सांगतात.

संपायच्या आधी मामा फाटकाशी हजर. "कसं वाटलं?" पहिला पोरगा म्हणाला, "कडक! मेलो आजोबा, मेलो!" मामा म्हणाले, "मेलास तर चालतोस कसा? नीट सांग." मिसरूडही न फुटलेला एक जण तोंड वाकडं करून म्हणाला की हे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, पहिली गाणी ऐकायला हवी होती. मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आमचे भजनीपन असंच म्हनतात. बस, पानी पी." पोराला न्यायला आलेली एक आई म्हणाली, "शिव्या घाणेरड्या. पण आमचा हा एका जागी एवढा वेळ उभा राहिलेला मी पहिल्यांदा बघितला." निळ्या केसांची मुलगी थांबली, विचार करून बोलली. "आमच्या बिल्डिंगला पाणी नसतं ना, टँकर येतो. ते गाणं लागलं तेव्हा रडायला आलं. आणि ओरडायला मिळालं. घरी कुठे ओरडणार?" मामा तिच्याकडे बघत राहिले. "हां," ते म्हणाले. "असं बोलायचं."

तेवढ्यात अध्यक्ष आले. मागे ती सहा पोरं, म्होरक्याचे ओठ लालभडक. "काका, बोला आता. द्यायचं का मैदान परत?"

सगळे जवळ सरकले. मामांनी माझ्या बुटांकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं. कुणीच मदतीला आलं नाही.

"तुझी काकी गेली," मामा अध्यक्षांना म्हणाले, "तवापासून मला कोनी शिवी घातली नव्हती रं. समदे आपले काका, काका. माझ्या भावाच्या हळदीला पहिल्यांदा बघितली तिला. माझ्या नाकावर गायली होती. मी विडा दिला नि तिथंच ठरवलं." त्यांनी टोपी सारखी केली. "आज बसली. बरोबर बसली. मला आवडलं. द्या पोरांना मैदान."

टोपीवाला पोरगा ओरडला नाही की नाचला नाही, तो वाकून पुन्हा मामांच्या पाया पडला. मी उगाच वाकून बुटाची नाडी बांधत बसलो, खोटं कशाला बोलू.

मिठागराच्या बांधावरून आम्ही तिघं मामांच्या घराकडे निघालो. हिनं मामांचा हात धरला होता. चालता चालता ही बारीक आवाजात गुणगुणू लागली, "आला गो आला, वाकऱ्या नाकाचा व्याही..." आणि थांबली. मामाही थांबले. "पुढं?" त्यांनी विचारलं. हिनं बराच प्रयत्न केला. "नाही आठवत मामा. मामी म्हणायची तेव्हा मी लहान होते."

"मला येतं पुढचं," मामा म्हणाले. "पन आपलीच शिवी आपल्याला घालून बसत नाय गो, बाय." मग घर येईपर्यंत ही त्यांच्यासाठी ती एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.