मॉनिटरला कुंकू

बापाला गिरणीने घरी बसवलं आणि त्याच जागेवर काचेच्या इमारतीत उभ्या राहिलेल्या कॉम्प्युटर कंपनीने मला. गेटसुद्धा तेच. मग ठरवलं, आता हेच गेट लोकांना दाखवून पोट भरायचं. लालबाग-परळची कॉम्प्युटर टूर!

"लोक राणीची बाग बघतात. तुझं गेट कोण बघणार?" बायको म्हणाली.

"गेट ही सुरुवात. शेवटी आपल्या चाळीतला कॉम्प्युटर क्लास."

क्लास बंद पडून जमाना झाला होता. तळमजल्याच्या खोलीत एकच मॉनिटर उरलेला. इतका जड, की तो आला तेव्हा चाळ एका बाजूला कलली होती. एसी असा, की हिमालयातले साधू ॲडमिशन मागायचे. धूळ नको म्हणून चपला बाहेर काढायच्या. गिरणी कामगारांची पोरं देवळात शिरावं तशी आत शिरायची आणि बाहेर पडून नोकरीला लागायची. ह्यातलं शेवटचं तेवढं खरं आहे.

चाळीच्या सेक्रेटरीला तिथे जिम हवी होती. "रविवारी भंगारवालो येतलो," त्याने बजावलं. "मेल्या, डबडा दाखवून धंदो करतलंस?"

मॉनिटर गेला तर माझी टूर गेटातच संपणार. मी पहिली टूर त्याच रविवारी ठेवली. सेक्रेटरीने रविवार बघितला होता. त्या दिवशी खंडेनवमी आहे, हे मी बघितलं होतं. आमच्या चाळीत त्या दिवशी हत्यारं पुजतात, आणि पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत जागचं हलत नाही.

त्या काचेच्या इमारतीत काम करणारी पोरं-पोरी घेऊन मी पोचलो, तोवर बायकोने मॉनिटरला हळदकुंकू लावून झेंडूचा हार घातला होता. कीबोर्डवर अक्षता. शेजारच्या बायका आपापले विळे, कात्र्या घेऊन रांगेत.

सेक्रेटरी भंगारवाल्याला घेऊन आला आणि दारातच थबकला. "ह्या काय मांडलंस?"

"पूजा. क्लास होता तेव्हा दरवर्षी व्हायची. तुमचा मुलगाच नारळ फोडायचा."

"उचल रे तू!" तो भंगारवाल्यावर खेकसला.

भंगारवाल्याने हात जोडले. "कुंकू लगा हुआ माल नहीं उठाता, साब. मेरा खुद का तराजू आज पूजा में है."

बायका खो खो हसल्या. सेक्रेटरी लाल झाला. "आणि दसरो झाल्यावर?"

"दसऱ्यानंतर रोज टूर. रोज हार घालीन, रोज कुंकू लावीन," मी म्हणालो. "आता आत येऊन प्रसाद घ्या. फक्त चपला बाहेर."

त्याने काढल्या.