फ्लॅश बंद करून

बाबा गेले तेव्हा घरात त्यांचा एकही धड फोटो नव्हता. होते ते माझ्या मोबाईलमध्ये, आणि तो मोबाईल त्याच उन्हाळ्यात पाण्याच्या टाकीत पडून कायमचा बंद झाला होता. शेवटी माझ्या लग्नातल्या घोळक्याच्या फोटोतून त्यांचा चेहरा कापून घेतला. आर्णीच्या स्टुडिओवाल्याने तो मोठा केला, रंग उजळवला आणि खाली निळा कोट चढवला. तेरवीला हार घालताना लक्षात आलं, हाच कोट शेजारच्या काकांच्या भिंतीवर आहे, मागच्या गल्लीतल्या मास्तरांच्याही. स्टुडिओत एकच कोट असावा. गावातले गेलेले सगळे पुरुष तोच घालून बसले आहेत.

बाबांनी उभ्या जन्मात कोट घातला नव्हता.

तेव्हापासून मला स्वस्थता नाही. आई सत्तरीच्या पुढे आहे. शनिवारी शाळा सुटली की मी पुसदहून गावी येते, बॅगेत कॅमेरा घेऊनच. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी केव्हातरी घेतलेला, स्वस्तातला. बॅटरीचं झाकण तुटलंय, तिथे चिकटपट्टी लावली आहे. त्याच्याशी झगडत बरंच शिकले. फ्लॅश मारला की चेहरा थाळीसारखा सपाट होतो, म्हणून तो बंद. झूम केलं की सगळं दाणेदार येतं, म्हणून आपणच दोन पावलं पुढे जायचं. कोपरं फासळ्यांना टेकवायची, श्वास धरायचा. आणि बटण पूर्ण दाबल्यावरही हा कॅमेरा क्षणभर विचार करतो, तेवढं थांबायचं.

कॅमेरा जमला, आई जमेना. तो दिसला की ती डोक्यावर पदर घेते, हात मांड्यांवर ठेवते आणि आधार कार्डाच्या फोटोला बसली होती तशी ताठ बसते.

“माय, बोल ना काहीतरी.”

“फोटोत बोलते का कोणी? काढ लवकर, मान दुखून राह्यली.”

कितीतरी फोटो झाले. सगळ्यांत तीच अनोळखी बाई. एकदा ती वैतागली. “दर शनवारी काय लावलं तू हे? मले भितीवर टांगाची घाई झाली का तुले?”

मग खरं तेच सांगितलं. “बाबासारखं नको व्हाले. तो कोट पाहवत नाही मले.”

“काहून? चांगला तं दिसते. लय हौस होती त्याहिले कोटाची. लग्नात मागतला होता, माह्या बापानं देल्ला नाही.”

हे मला ठाऊकच नव्हतं. इतके महिने मी त्या स्टुडिओवाल्यावर मनातल्या मनात चरफडत होते. आता कुणावर चरफडावं तेही उरलं नाही, आणि तळमळ मात्र होती तशीच.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी ती दाराशी तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत बसली होती. उजेड एका बाजूने येत होता. मी कॅमेरा हळूच वर केला. तेवढ्यात शेजारची बकरी आत आली आणि तिने सरळ टोपलीत तोंड घातलं. मी बटण दाबलं.

“हाट्! जाय, मालकाचं खाय तुह्या!” आई ओरडली आणि स्वतःच्याच ओरडण्यावर हसली. कॅमेऱ्याचा विचार नेमका तेव्हा संपला आणि फोटो निघाला.

फोटोत ती हसते आहे. पुढचे दोन दात नाहीत. पदर खांद्यावर, पांढरे केस उजेडात, हातात शेंग, खाली बकरीचा एक कान. मी तिला दाखवला. कॅमेरा लांब धरून तिने बराच वेळ पाहिलं.

“डोक्यावर पदर नाही. हा कोणाले दाखवू नको.”

“हाच तं चांगला आला, माय.”

“तुह्यासाठी असन. भिंतीवरचा लोकं पाह्यते.” तिने हात पुसले, पदर घेतला, हात मांड्यांवर ठेवले. “आता नीट काढ.”

काढला. स्पष्ट आला, उजेडही नेमका. भिंतीवर कधीतरी तोच लागेल. तिने ठरवलं आहे, आणि मी ते मोडणार नाही.

पहिल्याची एक छोटी प्रत मात्र मी पुसदला काढून घेतली. वाचत असलेल्या पुस्तकात ती ठेवते, पुस्तक संपलं की पुढच्यात. प्रत हातात देताना दुकानदार म्हणाला, “आजी मस्त हसल्या.”

त्याने पाहिला, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.