वॉटफर्डची पहिली पाळी आणि माझं ‘आधी तुम्ही’

हीथ्रो विमानतळावर काचेमागच्या अधिकारी बाईंनी विचारलं, इंग्लंडला कशासाठी आलात? मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, फुटबॉल. बाईंच्या चेहऱ्यावर तेवढ्यापुरती माणुसकी उमटली. कुठली टीम, म्हणाल्या.

“वॉटफर्डचे मावळे.”

त्यांनी भुवया जवळ आणल्या. मी खुलासा केला की ही माझ्या थोरल्या भावाची टीम आहे, तिथल्या मराठी मंडळींच्या लीगमध्ये खेळते, सात-सात जणांची असते आणि गेली दोन वर्षं शेवटून पहिली येते. बाईंनी पासपोर्ट परत केला आणि “गुड लक” म्हणाल्या. पण दवाखान्याच्या जिन्यावर पेशंटच्या नातेवाइकाला म्हणतात ना, त्या सुरात.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे पोरगं चालायला लागलं की आधी ते कुठल्या पेठेचं हे ठरतं, मग कुठल्या शाळेचं. मी स्वतः पेठेच्या फुटबॉल संघाकडून तीन सामने खेळलो आणि एक गोल केला, तो आमच्याच जाळ्यात. दादाची गोष्ट वेगळी. तो गोलकीपर होता, आणि चांगला होता. नोकरीसाठी लंडनजवळच्या वॉटफर्डला गेला, तर महिन्याभरात त्यानं तिथली मराठी घरं धुंडाळून सात माणसं मैदानावर उभी केली. त्या गोष्टीलाही आता तीसेक वर्षं झाली.

दादानं दार उघडलं तेव्हा त्याच्या दोन्ही गुडघ्यांवर पट्टे होते. “आलास व्हय?” एवढंच म्हणून त्यानं माझी बॅग हुंगली आणि कांदा-लसणाची चटणी नेमकी कुठल्या कप्प्यात आहे ते ओळखलं. वहिनींनी डब्यातल्या बेक्ड बीन्सना (टोमॅटोच्या गोडसर रसातल्या घेवड्याच्या बिया) लसणाची फोडणी देऊन उसळ केली होती. ती टोस्टबरोबर खायची. मी तीनदा घेतली; अर्थात प्रत्येक वेळी रीतसर दोनदा नको म्हणून.

वॉटफर्ड गाव नीटनेटकं आहे. एकसारख्या विटांची घरं, पुढे हातरुमालाएवढं गवत, आणि प्रत्येक दारात तीन रंगांचे चाकाचे डबे. कुठला कचरा कुठल्या डब्यात टाकायचा याचा तक्ता स्वयंपाकघरात लावला होता. मी पहिल्याच संध्याकाळी आंब्याच्या चार कोयी रद्दीच्या डब्यात टाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी रबरी हातमोजे घालून त्या बाहेर काढत होत्या आणि समोरच्या म्हाताऱ्या गोऱ्या बाई पडद्याआडून पाहत होत्या. “भावजी, तुम्ही बसा,” वहिनी म्हणाल्या. त्यानंतर तीन आठवडे मला त्या घरात कोणी काही काम सांगितलं नाही. सांगितलं एकदाच, आणि तोच हा किस्सा.

दादाची मुलगी सई इथंच जन्मली. हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे आणि दादाचे गुडघे संपल्यापासून मावळ्यांची कप्तानही तीच. त्या रात्री जेवणानंतर तिनं मला बागेत नेलं आणि हळू आवाजात सगळं समजावलं.

“काका, चार टीम्स आहेत. आपण, इल्फर्ड, हॅरो आणि स्लाव. आपण दोनदा लास्ट. तिसऱ्यांदा लास्ट आलो ना, की टीम फोल्ड. रूल आहे तसा. प्लेअर्स बाकीच्यांत वाटून टाकणार. बाबांची टीम, काका. बाबांना काय वाटेल?”

“मग आता?”

“शनिवारी ड्राफ्ट आहे.”

ड्राफ्ट (निवडीची सभा) म्हणजे असं: त्या वर्षी नवीन नाव नोंदवलेले आठ खेळाडू चार कप्तान आळीपाळीनं मागून घेतात, प्रत्येकाला दोन. शेवटून पहिल्या आलेल्या टीमला पहिली पाळी, म्हणजे दुबळ्याला चांगलं माणूस मिळावं. दुसऱ्या फेरीत क्रम उलटा. यंदा त्या आठांत मिहीर नावाचा एक पंचविशीतला मुलगा होता. नुकताच पुण्याहून शिकायला आलेला आणि, सईच्या शब्दांत, “झोपेत गोल मारतो.” पहिली पाळी आपली, म्हणजे मिहीर आपला. सईनं सबंध उन्हाळा या एका वाक्यावर काढला होता.

“पण आपण हरतो का गं एवढे?” मी विचारलं.

तिनं घराकडे पाहिलं. आत दादा टीव्हीसमोर गुडघे शेकत बसला होता. “गोल खूप जातात,” ती म्हणाली आणि विषय बदलला. गोलात अजूनही दादाच उभा राहतो हे मला ठाऊक होतं. पण ते बोलणार कोण?

शनिवारी दुपारी दोनला ड्राफ्ट इल्फर्डला होता. सईची सकाळपाळी होती. ती हॉस्पिटलमधून परस्पर गाडीनं येणार, मी ट्रेननं पुढे जाणार असं ठरलं. इल्फर्ड लंडनच्या पूर्वेला आहे. स्टेशनातून बाहेर पडलो आणि क्षणभर आपण परदेशात आहोत हेच विसरलो. भेंडी, कारली, साड्यांची दुकानं, जिलबीचा वास. मी अर्धा किलो जिलबी घेतली आणि ती खात खात अर्धा तास चुकीच्या दिशेनं चालत गेलो. एका सरदारजींनी मला वळवून चर्चच्या हॉलपर्यंत आणून सोडलं. तोवर जिलबी चारच उरली होती.

दोनला पाच मिनिटं असताना सईचा फोन आला.

“काका, मी एम-ट्वेंटीफाइव्हवर अडकलेय!” (हा लंडनभोवतीचा गोल महामार्ग. यावर सकाळी निघालेली माणसं संध्याकाळी निघाल्याच्या जागीच सापडतात, असं दादा म्हणतो.) “गाड्या हलतच नाहीयेत. तुम्ही बसा माझ्या जागी. लिस्ट पाठवलीय. फक्त पहिलं नाव वाचायचं. वन वर्ड, काका. मिहीर. पुढचं मी येऊन बघते.”

“अगं, काळजी करू नकोस,” मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात जेव्हा जेव्हा उच्चारलं, तेव्हा तेव्हा कोणीतरी काळजी करायला हवी होती.

हॉलमध्ये बालवाडीच्या छोट्या छोट्या प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. समोरच्या टेबलाशी लीगचा सेक्रेटरी नील बसला होता. हॅरोत जन्मलेला, पेशानं वकील, मराठी समजणारा आणि नियमांवर प्रेम असणारा. बाकीचे तीन कप्तान हातात कागद घेऊन माझ्याकडे पाहत होते. माझ्या शेजारी रिबेकाआजी होत्या. त्या मुंबईच्या बेने इस्राएल (कोकणात वसलेले, मराठी बोलणारे ज्यू) घरातल्या, भायखळ्यात वाढलेल्या. पन्नास वर्षं लंडनमध्ये राहूनही त्यांचं मराठी त्या हॉलमधल्या सगळ्यांपेक्षा खणखणीत होतं. त्यांनी घरून चिकाचा हलवा (गव्हाच्या चिकात नारळाचं दूध घालून केलेली वडी) आणला होता.

“घ्या हो भाऊ, एक घ्या.”

“नको नको, आधी बाकीच्यांना द्या.”

“अहो, एवढीशी तर आहे.”

“खरंच नको, आत्ताच जिलबी झाली.”

“माझ्या हातची म्हणून तरी!”

मग मी घेतली. एकदम झकास होती. याला म्हणतात संस्कार, मी मनात म्हटलं. दोन नकार, तिसऱ्यांदा स्वीकार, आणि दोन्ही बाजूंचा मान राहिला. त्या आनंदात असतानाच नीलनं चष्मा वर केला.

“फर्स्ट पिक, वॉटफर्ड. काका, कोण हवाय तुम्हाला?”

मला प्रश्न अगदी स्वच्छ कळला होता. उत्तरही फोनवर समोर दिसत होतं. पण परक्या घरात पाहुणा म्हणून बसलोय, समोर तीन अनोळखी माणसं ताटकळतायत, आणि आपण पहिल्याच हाकेला ताटातला सगळ्यात मोठा लाडू उचलायचा? माझी मान आपोआप हलली.

“अहो छे छे! आम्ही काय, पाहुणे माणूस. आधी या मंडळींचं होऊ द्या.”

“शुअर? वॉटफर्ड पास करतंय?”

“हो हो. आमचं काय, होईल मागून,” असं म्हणून मी विनयानं हसलो आणि तिसऱ्या आग्रहासाठी तयार होऊन बसलो.

तिसरा आग्रह आलाच नाही. नीलनं वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, “वॉटफर्ड मूव्हज टु लास्ट. इल्फर्ड?”

“मिहीर,” इल्फर्डचा कप्तान म्हणाला. माझं विनयाचं हसू अजून ओठांवरच होतं.

“अहो थांबा, थांबा! मी ते आपलं... म्हणायचं म्हणून म्हटलं!”

“काका, तुम्ही नो म्हणालात. दोनदा.”

“अरे नील,” रिबेकाआजी कडाडल्या, “पहिला नको हा नको नसतो रे! दुसराही नसतो. आईनं काही शिकवलंन की नाही तुला?”

“आजी, रूलबुकमध्ये तिसऱ्या नकोचा क्लॉज नाहीये.”

हॅरोनं एक माणूस घेतला, स्लावनं एक घेतला. सईच्या यादीत चार नावं होती; त्यातली तीन गेली. मग माझी पाळी आली, आणि क्रम उलटा होत असल्यानं सलग दोन नावं मलाच सांगायची होती. फोन लावला तर सईचा फोन लागेना. मी यादीतलं उरलेलं चौथं नाव वाचलं: केदार, दातांचा डॉक्टर, भरपूर पळतो. दुसऱ्यासाठी यादी संपली होती. घाम पुसत होतो तेवढ्यात आजी माझ्या बाजूला झुकल्या आणि त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या एका उंच मुलीकडे बोट दाखवलं.

“माझ्या नातीला घ्या. लेआ. गोलात उभी राहते. शाळेपासून.”

“घेतली!” मी ओरडलो. या वेळी पहिल्याच बोलाला. आजी स्वतःच दचकल्या. त्यांनी बहुधा आणखी दोन वाक्यांची तयारी केली होती.

नील पेन उचलून थांबला. “गोलकीपर? काका, पण वॉटफर्डच्या गोलमध्ये तर...” त्यानं वाक्य सोडून दिलं. तिन्ही कप्तानांनी आपापल्या कागदांत तोंड घातलं. दादाची त्या लीगमध्ये काय किंमत आहे हे मला तेव्हा कळलं; आणि आपण काय करून बसलो, तेही.

सगळं आटोपल्यावर सई गाडीची किल्ली हातात घेऊन धावत आली. ऐकल्यावर ती एका बालवाडीच्या खुर्चीत बसली. गुडघे हनुवटीला लागले होते.

“तुम्ही मिहीर देऊन टाकला?”

“दिला नाही गं. आग्रहाची वाट बघत होतो.”

“हाऊ लाँग?”

मी उरलेली जिलबी पुढे केली. तिनं बिनबोभाट घेतली.

“आणि कीपर,” ती म्हणाली, “बाबांना कोण सांगणार?”

“मी सांगतो,” मी म्हणालो. आता ती म्हणेल, नको काका, मीच सांगते. ती लगेच म्हणाली, “ओके.” इथं जन्मलेली माणसं!

आम्ही गाडीनं वॉटफर्डला परतलो. दादा बागेत हिरव्या डब्याचं चाक नीट करत होता. मी हातपाय धुतले, पाणी प्यायलो, पुन्हा हातपाय धुतले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मिहीर गेला. केदार आला. आणि गोलात... एक पोरगी घेतली आहे.

दादा चाकाकडेच पाहत होता. “उंच हाय का?” त्यानं विचारलं.

“माझ्यापेक्षा वीतभर.”

“मग बरं झालं.” तो सावकाश उठून उभा राहिला, गुडघ्यावर हात दाबत. “तीन वर्षांमागं मी म्हटलं हुतं या पोरांस्नी, की आता मी थांबतो. तर सगळी म्हणाली, छे छे, तुम्हीच पाहिजे.”

“बाबा!” सई किंचाळली. “आम्ही पोलाइट होतो! तुम्हाला वाईट वाटेल म्हणून!”

“आणि मला वाटलं, एवढा आग्रह करत्यात, तर पोरांचं मन कसं मोडायचं? म्हणून आपला उभा राहिलो, पट्टे बांधून.”

सईनं कपाळाला हात लावला. मग ती हसायला लागली. दादा हसला, आणि हसता हसता त्यानं गुडघ्यांचे दोन्ही पट्टे सोडून डब्यात टाकले. वहिनींनी ते काढून दुसऱ्या रंगाच्या डब्यात टाकले.

मी निघायच्या आदल्या रविवारी पार्कात इल्फर्डशी सरावाची मॅच झाली. लेआला मराठी मोजकंच येतं आणि दादाला मैदानावर कोल्हापुरीखेरीज काही येत नाही. तो रेषेबाहेर संत्र्याच्या फोडींचा डबा घेऊन उभा राहिला आणि ओरडू लागला, “डावीकडं! पोरी, डावीकडं सरक!” दहा मिनिटांत ती बरोबर सरकायला लागली. आम्ही एका गोलनं हरलो. गोल अर्थात मिहीरनं मारला, आणि तो इतका सुंदर होता की मी टाळी वाजवली. सईनं माझा हात धरून खाली केला. पण गेल्या वर्षी याच इल्फर्डनं सात मारले होते. सामना संपल्यावर दादानं लेआच्या हातात आपले जुने हातमोजे दिले. तिनं एकदाच “थँक्यू” म्हटलं आणि घातले.

आता कोल्हापूर. परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या कुलकर्ण्यांकडे त्यांचा चटणीचा रिकामा डबा परत द्यायला गेलो. काकू म्हणाल्या, “बसा, चहा टाकते.” मी म्हणालो, “टाका.”

काकू स्वयंपाकघराच्या दारात तशाच उभ्या राहिल्या. आत कुजबुज झाली. मग कुलकर्णी पिशवी घेऊन, माझ्याकडे न बघता दूध आणायला बाहेर पडले. मी वर्तमानपत्रात तोंड घातलं.

चहा झाला, तेवढ्यात फोनवर सईचा व्हॉइस मेसेज आला, पाठीमागे दादाचं खोकणं: “काका, दोन मॅच झाल्या. एक ड्रॉ, एक हरलो. पण टेबलमध्ये आपण थर्ड! स्लाव लास्ट! बाबा काल झोपलेच नाहीत. आणि काका, पुढच्या वर्षी ड्राफ्टला येणार ना?”

चारांत तिसरे! मी कुलकर्ण्यांच्या घरात खुर्चीवरून उठून उभा राहिलो. त्याच भरात एका सेकंदात उत्तर पाठवलं: हो, येतो.

पाठवल्यावर कपाकडे लक्ष गेलं, आणि दाराशी ठेवलेल्या दुधाच्या पिशवीकडे. मनात आलं, पोरीनं नुसतं म्हणायचं म्हणून तर विचारलं नसेल?