जर्मनचा कॅमेरा

आमच्या रत्नागिरीकडे ॲल्युमिनियमला ॲल्युमिनियम कोण म्हणतं? जर्मनचा टोप, जर्मनची कढई, जर्मनचा डबा. त्यामुळे ह्यांनी जेद्दाहून पत्र पाठवलं की स्टुडिओसाठी जर्मन कॅमेरा घेतला, तेव्हा सासूने मला बसवून उत्तर लिहून घेतलं : ‘जर्मनचा कशाला घेतलास? काळा पडतो. थोडे जास्त गेले तरी चालतील, पण स्टीलचा घ्यायचास.’ मला फरक ठाऊक होता. पण सासूच्या पत्रात सुधारणा करणं माझं काम नव्हतं. मी शब्द न शब्द लिहिलं आणि पाकीट चिकटवलं.

पुढच्या वर्षी मुलीला घेऊन मीच जेद्दाला आले, आणि त्या कॅमेऱ्याशी माझी गाठ पडली. शराफिया ह्या आपल्या लोकांच्या वस्तीत आमचं दुकान होतं. पुढच्या भागात हे पुरुषांचे फोटो काढायचे, साध्या जपानी कॅमेऱ्याने. मागे जाड पडदा, आणि पडद्यामागे बायकांचा विभाग. तिथे पुरुषाने पाऊल टाकायचं नाही, म्हणून मी एका दिवसात फोटोग्राफर झाले. बायकांना लग्नाचे, बाळांचे मोठे फोटो हवे असत, म्हणून मोठ्या फिल्मचा, दोन भिंगांचा तो जर्मन कॅमेरा माझ्याकडे आला. ह्यांची सगळ्यात लाडकी वस्तू अशा जागी गेली, जिथे दुकान उघडं असताना ह्यांनाच मज्जाव.

चार वर्षं मी त्या कॅमेऱ्यात वरून वाकून बघितलं. फोटो चांगले येत. गिऱ्हाइकाने तारीफ केली की हे पडद्याबाहेरून ऐकवायचे, “जर्मन माल आहे! आपण काय, नुसतं बटण दाबायचं.” मी आत फिल्म बदलत असायचे. माझा जीव जळायचा, पण मी बोलायचे नाही.

मग आखाती युद्ध आलं. क्षेपणास्त्रं रियाध आणि दम्मामकडे पडत होती. आमच्याकडे जेद्दात पडत होत्या त्या अफवा. तरी लोकांनी खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या, आणि जो तो बायकामुलांना घरी धाडायला निघाला. धाडायचं म्हणजे कागद, आणि कागद म्हणजे फोटो. दुकानात अशी गर्दी कधी झाली नव्हती. पडद्यामागे बायका रडत यायच्या, मी त्यांना डोळे पुसायला लावून सरळ बसवायचे.

एके दिवशी जेवताना हे म्हणाले, “तुमच्या दोघींचं तिकीट काढतोय. तुझा पासपोर्ट संपत आलाय, तो नवा केल्याशिवाय परत यायचा व्हिसा देत नाहीत. उद्या फोटो काढू.”

मला जायचं नव्हतं. भीती वाटत नव्हती असं नाही. पण गावी मी पुन्हा सासूची पत्रं लिहिणारी होणार होते, आणि परत येणं युद्धावर आणि कफीलच्या, म्हणजे अरब मालकाच्या, मर्जीवर. पडद्यामागे मी कुणीतरी होते. हे मी ह्यांना सांगितलं नाही. ह्यांनी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून हे पडद्याआड आले आणि मला स्टुलावर बसवलं. मी म्हटलं, “बाहेरच्या जपानीने काढा ना.” हे दुखावले. “माझ्या बायकोचा फोटो जपानीने?” शेजारच्या स्टुडिओत जाणं तर शक्यच नव्हतं, फोटोवाल्याची बायको दुसऱ्याकडे फोटो काढते म्हटल्यावर शराफियात तोंड कसं दाखवायचं?

ह्या कॅमेऱ्याची एक खोड आहे. वरच्या काचेत दिसतं ते डाव्याचं उजवं होऊन. मला ती सवय व्हायला दोन महिने लागले होते. ह्यांना बटण तेवढं माहीत. “उजवीकडे सरक. अगं, उजवीकडे!” मी सरकत गेले आणि फोटोतून बाहेर पडले. पहिल्या फोटोत माझा अर्धा चेहरा आला. दुसऱ्या दिवशी पूर्ण आला, पण धुकट. तिसऱ्या दिवशी छतावरचा पंखा मात्र सुरेख आला, पात्यावरची धूळसुद्धा मोजता येईल इतका.

“कॅमेरा बिघडला,” ह्यांनी निकाल दिला. “जर्मनीला पाठवावा लागेल.” त्या दिवसांत जेद्दाहून धड पत्र जात नव्हतं, कॅमेरा कुठला जातोय.

त्याच सुमारास यान्बूच्या तेल कारखान्यातले एक पुण्याचे इंजिनिअर बायकोचे फोटो न्यायला आले. फोटो छान आले होते. मी सकाळीच काढले होते, त्याच बिघडलेल्या कॅमेऱ्याने. ह्यांची तक्रार ऐकून ते म्हणाले, “जर्मनीत मजुरी परवडत नाही हो. कंपन्यांनी काम कधीच पूर्वेकडे धाडलंय. आता पुष्कळदा नाव तेवढं जर्मन.”

“साहेब, तुम्ही तेलाचं बघा,” हे म्हणाले. पण ते गेल्यावर ह्यांच्या डोक्यात किडा वळवळू लागला. दुपारी हे ब्लेड घेऊन बसले. स्क्रू शोधायचे म्हणून कॅमेऱ्याच्या तळाचं काळं चामडं हळूच सोललं. खाली पांढरा धातू निघाला आणि त्यावर बारीक अक्षरं. ह्यांनी चष्मा नाही म्हणून मुलीला हाक मारली. चष्मा नाकावरच होता. मुलगी इंडियन स्कूलमधली, तिने खडाखडा वाचलं, “मेड इन सिंगापूर. अब्बा, इट्स फ्रॉम सिंगापूर!”

मी त्या धातूवर नख मारून बघितलं. ॲल्युमिनियम. म्हणजे कॅमेरा जर्मनीचा नव्हता, जर्मनचा होता. सासू आमच्या सगळ्यांत शहाणी निघाली.

ह्यांचा चेहरा आधी उतरला, मग एकदम उजळला. “बघ! म्हणून फोटो बिघडत होते! सिंगापूरचा माल!”

आता मात्र मला राहवलं नाही. “आणि चार वर्षं जे चांगले आले ते? ते कुणी काढले?”

हे चामडं होतं तसं दाबून बसवायला लागले, ते बसेना.

युद्ध सहा आठवड्यांत खलास झालं. तिकीट रद्द झालं, पण पासपोर्ट नवा करायचाच होता. एका दुपारी मी कॅमेरा स्टँडवर ठेवला, स्टुलावर उशी उभी करून नीट जुळवून घेतलं, भिंगाजवळची छोटी खिट्टी ओढली आणि उशी बाजूला करून बसले. खर्रर्र करत दहा सेकंद गेले, टक् झालं आणि फोटो आपोआप निघाला.

संध्याकाळी फिल्म धुऊन हे ओला फोटो हातात घेऊन आले. कान, डोळे, हनुवटी, सगळं जागच्या जागी.

“हा कुणी काढला?”

“मी.” मी खिट्टी दाखवली.

“ही आधीपासून होती?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग तेव्हा का नाही काढलास? तीन दिवस मी—”

“तुम्ही तिकीट काढत होतात. मला जायचंय का, ते विचारलं नाहीत.”

फोटोतून पाणी ठिबकत होतं. ह्यांनी तो दोरीवर चिमट्याने लावला. एवढ्यात बाहेर कुणी गिऱ्हाईक आलं. आपलाच कोकणातला माणूस, बायकोला घेऊन. त्याने विचारलं, “बायकांचे फोटो जर्मन कॅमेऱ्याने काढता ना हो?”

हे पडद्याबाहेर गेले. मला आत ऐकू आलं.

“कॅमेरा सिंगापूरचा आहे,” हे म्हणाले. “फोटो माझी बायको काढते.”