हवाईची केळी, ट्रॉयची शिकरण

लग्नाला सोळा वर्षं झाली, तरी सुलेखा जेवायची ती सगळ्यांच्या मागून, एकटी. दोन हजार सहाच्या त्या थंडीतही अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या घरात ती शेगडीपाशी उभी राहून गरम पोळ्या करत होती. दिवसभर ऑफिसात बसून पाठ भरून आली होती. टेबलावर नवरा संग्राम, नागपूरहून आलेल्या सासूबाई आणि आठवीतली नैना जेवत होते.

नैना शाळेचा प्रोजेक्ट सांगत होती. "जुन्या काळी हवाई बेटांवर बायका पुरुषांबरोबर जेवूच शकत नव्हत्या. केळंपण बॅन! देवांचा रूल. मोडला तर डेथ."

"केळंसुद्धा? बिचाऱ्या!" संग्राम हसला आणि त्यानं शिकरणीचं पातेलं आपल्या वाटीत निपटून घेतलं.

"मग एटीन नाइन्टीनमध्ये राजाच बायकांच्या टेबलावर जाऊन जेवला. सगळे घाबरले, पण काहीच झालं नाही. सिस्टम खलास!" नैनानं शेगडीकडे पाहिलं. "मॉम, तुला कोणता गॉड अडवतो?"

"देव कुठला गं? तुम्हालाच गरम लागतं."

म्हणाली खरी, पण पुढची पोळी काही तिच्यानं लाटवेना. तिनं शेगडी बंद केली, ताट वाढून घेतलं आणि नैनाशेजारी बसली.

संग्राम गोंधळला. "अगं, पोळी?"

"डब्यात आहेत सकाळच्या. गार."

आता सासूबाई काय म्हणतात, म्हणून तिनं मान खाली घातली. सासूबाईंनी आपली न उष्टावलेली शिकरणीची वाटी तिच्यापुढे सरकवली.

"खा गं. मलाही कधी उरली नाही."